आधी टेप, मग गन

आमचे आप्पा विजेच्या मोटारीचा ताप हातानं बघायचे. उजव्या हाताची पालथी बाजू बॉडीला टेकवायची आणि मनात एक, दोन, तीन. तीनपर्यंत हात टिकला तर मोटार बरी. एकलाच मागं आला तर मला हाक, "बंद कर गं." पालथा हातच का, तर बॉडीत करंट उतरला असला की स्नायू आखडतात. तळवा लावलेला असेल तर मूठ आवळते आणि सुटत नाही, पालथा हात आखडला तर मागं येतो. एवढं शहाणपण त्यांच्याकडं होतं. तरी त्यांच्या त्या हातावर मनगटाशी भाजल्याचे तीन डाग होते, आणि तिन्ही वेळा मोटार ठणठणीत होती.

ते कसं, हे मला फार उशिरा कळलं. नुसता, रंग नसलेला धातू ६५ ते ७० अंशांचा असला तर एका सेकंदाच्या स्पर्शानं कातडी भाजते. ५५ अंशांना दहा सेकंद लागतात, ५१ ला एक मिनिट. आणि हल्लीच्या एफ क्लासच्या मोटारीची बॉडी भर लोडवर ७०-८० अंशांना आरामात असते, तिच्या आतलं इन्सुलेशन १५५ पर्यंत सोसायलाच बनवलेलं असतं. म्हणजे हात भाजला यावरून मोटार बिघडली असं ठरत नाही. उलट ४५ अंशांचं एखादं टर्मिनल हाताला कोमट लागतं आणि शेजारची दोन ३० वर असतात, तिथं खरी गडबड असते. हात चटका सांगतो, बिघाड सांगत नाही.

बेळगावात खासबागेत आमचं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार पुन्हा भरायचं, छोटं दुकान आहे. आप्पांनंतर मीच बघते. वडगाव-शहापूरच्या मागांच्या मोटारी, उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधली कामं, येळ्ळूरकडच्या शेतांतले पंप. सकाळी फोन येतो तो निम्मा मराठीत, निम्मा कन्नडमध्ये: "अक्का, मोटर भाळ बिसि आगेत्री." फार तापलीय. मी विचारते किती? उत्तर ठरलेलं, "लई." हे 'लई' ताप मोजायच्या गननं आकड्यात कसं आणायचं आणि ते आणताना आपण कसं भाजायचं किंवा चिकटायचं नाही, ते लिहिते. हे लाइनचं काम येणाऱ्यांसाठी आहे. घरच्या माणसांनी प्लग, स्विचची पट्टी, स्टॅबिलायझर, पंपाची बॉडी एवढंच बाहेरून मोजावं, झाकणाला पाना लावू नये.

कोरोनातली गन चालत नाही

हे आधी सांगते, कारण वर्षातून दोघं-तिघं तरी ती घेऊन येतात. कपाळावर धरायची ती पांढरी गन साधारण ३२ ते ४३ अंशांच्या पट्ट्यातच मोजते आणि आतल्या हिशेबानं माणसाच्या अंगाचा ताप दाखवते. तिनं मोटार मोजली की एकतर नुसतं 'हाय' येतं, नाहीतर भलताच आकडा.

आपल्याला औद्योगिक वापराची इन्फ्रारेड गन लागते. घेताना दोन गोष्टी बघायच्या. एक, अंतर आणि ठिपक्याचं प्रमाण. गनवर १२:१ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ, ६० सेंटीमीटरवरून ती ५ सेंटीमीटर व्यासाच्या गोलातला सगळा ताप मिळून एक सरासरी दाखवते. तुमचं थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा लग, दीड सेंटीमीटरचं आणि गोल पाचचा, तर त्या आकड्यात थिंबल थोडं आणि मागचा गार पत्राच जास्त. ८:१ वाली स्वस्त असते, तिचा गोल अजून मोठा. दुसरी गोष्ट, एमिसिव्हिटी, म्हणजे वस्तू आपल्या तापाच्या मानानं किती किरण सोडते तो आकडा, बदलता येते का. स्वस्त गनमध्ये ती ०.९५ वर कायमची बसवलेली असते. तेवढ्यानंही काम भागतं, का ते पुढं येईलच.

लाल लेसर काही मोजत नाही. तो फक्त नेम दाखवतो, आणि तोही जवळून चुकीचा, कारण लेसर आणि मोजणारी भिंग यांच्यात बोटभर अंतर असतं. हातभर जवळ गेलात की लाल ठिपका एका लगवर आणि मोजणी शेजारच्या वायरीवर. कुणाच्या डोळ्यात मारायचा नाही हे पोरांना सांगावं लागतं, आणि पॅनेलमधल्या चकचकीत बारवर, म्हणजे करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर, मारला तर तो उलटून आपल्याच डोळ्यात येतो हे मोठ्यांना.

तांब्याचा प्रयोग

गन नवी आली की मी ती आधी स्वयंपाकघरात नेते. स्टीलचा तांब्या घ्यायचा, घासून लख्ख केलेला. त्याच्या बाहेरून, पोटावर काळ्या इन्सुलेशन टेपचा दोन बोटं रुंद चौकोन चिकटवायचा. एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, नखानं घासून बसवायचा. मग त्यात उकळतं पाणी ओतायचं आणि मिनिटभर थांबायचं. आता गन टेपवर धरा, मग टेपच्या शेजारच्या उघड्या स्टीलवर धरा. माझ्याकडं मागच्या वेळी टेपवर ८७ आले आणि बोटभर बाजूला ४१. तांब्या एकच, पाणी एकच. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण फरक असाच डोळे उघडणारा असेल.

हे काय होतं? प्रत्येक तापलेली वस्तू उष्णतेचे किरण सोडते आणि गन तेवढेच बघते. काळी टेप, रंग, बेकलाइट, कागद, माणसाची कातडी या वस्तू आपल्या तापाच्या मानानं जवळजवळ पूर्ण किरण सोडतात, शंभरातले ९५ म्हणा. चकचकीत तांबं किंवा ॲल्युमिनियम शंभरातले तीन ते दहाच सोडतं. बाकी आरसा. त्यात गनला भिंत दिसते, छपराचा पत्रा दिसतो, समोर उभ्या तुम्ही दिसता. यालाच एमिसिव्हिटी म्हणतात. जुनं काळवंडलेलं तांबं बरंच बरं असतं, ०.६ ते ०.८ च्या आसपास, पण किती काळं म्हणजे किती, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. म्हणून गनमध्ये आकडे फिरवत बसण्यापेक्षा मी पृष्ठभागच एकसारखा करून घेते. टेप सगळीकडं तीच, गन ०.९५ वरच. महागड्या गनचा निम्मा फायदा दहा-वीस रुपयांच्या टेपनं मिळतो, आणि हे मला थर्मल कॅमेरावाल्यानं नाही, एका जळालेल्या लगनं शिकवलं.

गनचा शून्य बघायचा तर बर्फ कुटून वाटीत भरायचा, थोडं पाणी, ढवळायचं, आणि वरून सरळ धरायची. शून्याच्या एक-दोन अंश इकडंतिकडं आला तर गन बरी. उकळत्या पाण्यावरून वरून मोजू नका. वाफ मध्ये येते, भिंगावर बसते. तिथं वायरवाला थर्मोकपल, म्हणजे टोकाशी ताप मोजणारी वायर, पाण्यात बुडवायचा, आणि १०० आले नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडायला जायचं नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथं पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. मी एकदा गणपत गल्लीतून आणलेला प्रोब याच कारणानं परत द्यायला निघाले होते.

आणखी एक. पावसाळ्यात गाडीच्या डिकीत गार पडलेली गन फाउंड्रीच्या शेडमध्ये नेली की पहिला काही वेळ ती चुकते. वीस-तीस मिनिटं तिला तिथल्या हवेत पडून राहू द्यायचं. तेवढ्यात चहा होतो.

तो जळालेला लग

उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये मेन पॅनेल बघायला बोलावलं होतं. कलई केलेले नवे लग, चांदीसारखे. मी दरवाजा उघडून गन फिरवली: ३६, ३५, ३८. वहीत लिहिलं, 'ठीक'. सहीसुद्धा केली. आठवड्याच्या आत आर, वाय, बी या तीन फेजपैकी बी फेजचा लग जळून केबलचं पीव्हीसी वितळलं. वासानंच लोक पळाले, कुणाला काही झालं नाही, पण शिफ्ट गेली आणि माझी सही त्या वहीत होती. नंतर त्याच पॅनेलमध्ये चांगल्या वाय फेजच्या लगवर टेप लावून मोजलं. उघड्या कलईवर ३६, टेपवर ६१. मी त्या दिवशी लगचा ताप मोजलाच नव्हता. लगमध्ये दिसणारी शेडची हवा मोजली होती.

तेव्हापासूनची आमची रीत अशी. ज्याला हात लावायचाय ते सगळं काम लाइट बंद असताना. लाइट चालू असताना फक्त लांबून बघायचं. या दोन्हींची सरमिसळ झाली की अपघात.

पहिला फेरा बंद लाइनवर. मेन पाडायची, कुलूप घालायचं, चावी स्वतःच्या खिशात. फ्यूज असतील तर काढून तेही सोबत. मग मीटर आधी चालू असलेल्या दुसऱ्या लाइनवर लावून तो जिवंत आहे ना ते बघायचं, मग आपल्या टर्मिनलवर तिन्ही फेज एकमेकांत आणि अर्थला, आणि पुन्हा एकदा त्या चालू लाइनवर. हे शेवटचं बहुतेक जण गाळतात. मीटरचा फ्यूज मधेच उडाला असेल तर मेलेला मीटर प्रत्येक वायरीला 'बंद' म्हणतो. कपॅसिटर असतील तर ते डिस्चार्ज झाले की नाही ते वेगळं तपासायचं. व्हीएफडी ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग कमीजास्त करणारा डबा, असेल तर मेन पाडल्यावरही आतल्या डीसी बसवर ५८५ व्होल्टच्या घरात दाब राहिलेला असतो, कारण ४१५ व्होल्टच्या लाइनीचं शिखर तेवढं असतं. ड्राइव्हच्या पट्टीवर किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलं असतं. तेवढं घड्याळ लावून थांबायचं.

मग प्रत्येक लगच्या सपाट पाठीवर टेपचा इंचभर चौकोन. लग आणि बार जिथं एकमेकांना टेकतात त्या मधल्या जागेत टेप किंवा तिचा चिकट अजिबात जाऊ द्यायचा नाही, नाहीतर आपणच लूज काँटॅक्ट तयार करायचो. लगपासून हातभर वर केबलवरही एक खूण करून ठेवते. तिथं टेप लागत नाही, पीव्हीसी स्वतःच टेपसारखं वागतं. टेपचे तुकडे मी मोजून नेते आणि मोजून परत आणते, पॅनेलमध्ये एखादा लोंबता राहायला नको.

साधी पीव्हीसी टेप ८० अंशांच्या पुढं मऊ पडते, गळते. एखाद्या लगवरची टेप घसरलेली सापडली तर आकड्याची गरजच उरत नाही. मोटारीच्या बॉडीला टेप लागत नाही, तिचा ग्रे किंवा निळा रंग पुरेसा चांगला असतो. ॲल्युमिनियमची रंग नसलेली बॉडी असेल तर मात्र लागते.

दुसरा फेरा: दरवाजा लावायचा, लाइन चालू, माल चालू, आणि थांबायचं. लग तासाभरात आपल्या तापाला पोचतो. मोटारीला दोन-तीन तास लागतात, मोठीला जास्तच. अर्ध्या तासात एक अंशापेक्षा जास्त चढत नाही असं दिसलं की ती स्थिरावली म्हणायची. सकाळी आठला शिफ्ट सुरू, सव्वाआठला मोजून 'काही नाही हो' म्हणणारे मी पाहिलेत.

तिसरा फेरा मोजण्याचा. १२:१ च्या गनला इंचभर टेप नीट भरायची तर ३० सेंटीमीटरच्या आत जावं लागतं, खरं तर त्याच्याही निम्म्यावर, कारण ठिपका टेपपेक्षा लहान हवा. चालू पॅनेलमध्ये एवढं जवळ मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका. लहान पॅनेल असेल तर आमची पद्धत अशी: मेन पाडायची, कुलूप, मीटरनं बंद असल्याची खात्री, आणि लगेच मोजायचं. बंद केल्यापासून ३०, ६०, ९० सेकंदांनी तीन आकडे घ्यायचे. समजा ६८, ६५, ६२ आले. दर अर्ध्या मिनिटाला तीन उतरतात, तर बंद करताना ७१ च्या आसपास असणार. थोडं कमीजास्त, पण माणूस शाबूत. कुलूप आणि मीटरची खात्री घाईत गाळायची नाही. त्यात दीड मिनिट गेलं तर आकडे १२०, १५०, १८० सेकंदांचे घ्या.

मेन पॅनेल मोठं असेल, मागं ट्रान्सफॉर्मर दांडगा असेल, तर ते उघडून चालू मोजणं आपल्यासारख्यांचं काम नाही. तिथं आर्क झाला तर अंगावर जाळ येतो. थर्मल कॅमेरा, अंगावर त्या कामाचा सूट आणि तसं प्रशिक्षण असलेली माणसं असतात, त्यांना बोलवा. काही पॅनेलच्या दारात इन्फ्रारेड खिडकी बसवलेली असते, ती खास काचेची. साध्या ॲक्रिलिकच्या किंवा काचेच्या झाकणातून गनला पलीकडचं काही दिसत नाही. ती झाकणाचाच ताप सांगते. आतला लाल ठिपका लगवर स्वच्छ दिसतो, म्हणून माणूस फसतो.

अंगावर सुती कपडे. ओढणी नाही, आणि मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी दुकानातल्या डब्यात. यावरून सासूबाई सुरुवातीला बोलायच्या. मग एकदा बॅटरीच्या दोन टर्मिनलांत पाना पडला तो कसा लाल झाला ते त्यांनी दुकानात बसून पाहिलं. आता त्याच डबा पुढं करतात. मागाची मोटार मोजताना तर लोंबतं काहीच नको. तिथं करंटपेक्षा पट्टा आधी ओढतो.

आकड्याचं काय करायचं

एकटा आकडा काही सांगत नाही. त्याच्याबरोबर दोन आकडे हवेत: हवेचा ताप आणि लाइनीतला अँपियर. बेळगावात जानेवारीत पहाटे १५-१६ असतात, एप्रिलच्या दुपारी ३६. त्याच पॅनेलमधला तोच लग वीस अंशांनी वेगळा दिसणार. म्हणून मी नेहमी हवेच्या वर किती, ते लिहिते.

अँपियर मोजायचा टाँग टेस्टरनं, म्हणजे केबलभोवती चिमट्यासारख्या धरायच्या मीटरनं, इन्सुलेशन असलेल्या केबलवरून. लूज जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. २० अँपियरवर हवेच्या १५ अंश वर असलेला जोड ४० अँपियरवर हवेच्या ६० अंश वर जाऊ शकतो. गुऱ्हाळ बंद असताना मोजलेला चरक-मोटारीचा स्टार्टर 'छान गार' असतोच, हंगामात बघा.

मग तिन्ही फेज शेजारी ठेवायचे. लोड सारखा आणि आर ५२, वाय ५४, बी ७९ आला तर बी चा जोड ढिला किंवा काळा पडलेला आहे. देखभालीच्या कामात सर्रास चालणारा ठोकताळा असा, की सारख्या लोडवरच्या सारख्या भागांत १५ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर उद्यावर टाकायचं नाही. चार ते पंधरा असेल तर पुढच्या बंदच्या दिवशी उघडायचं. याउलट एक फेज इतरांपेक्षा फार गार असेल तर खूश होऊ नका. त्यातून करंटच जात नसेल. मोटार दोन फेजवर रखडत असते आणि जळायला काही मिनिटंच उरलेली असतात.

केबलवरची ती हातभर वरची खूण इथं कामी येते. लग गरम आणि वर जाल तशी केबल गार, तर दोष जोडात. लग आणि केबल सगळी सारखीच गरम, तर जोड निर्दोष, केबल बारीक पडलीय किंवा लोड जास्त झालाय. तिथं नट आवळून काही होणार नाही. उलट जोर लावून आवळला तर ॲल्युमिनियमची तार चेपते आणि नवा लूज जोड तयार होतो. लिमिटचं म्हणाल तर साध्या पीव्हीसी केबलच्या तारेला ७० अंश, एक्सएलपीई, म्हणजे जास्त ताप सोसणाऱ्या प्लास्टिकची, असेल तर ९०. लगवर ७५ दिसतात आणि केबल पीव्हीसीची आहे, तर ती आतून भाजतेय.

मोटारीच्या पोटातला ताप

बॉडीवर ७२ आले तर वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याची वेटोळी, किती? बॉडीवरून नीट कळत नाही. आत बरंच जास्त असतं आणि पंख्याची जाळी कापसानं तुंबली असेल तर आणखी. मागाच्या मोटारींत ती तुंबलेलीच असते. वडगावातल्या निम्म्या 'बिसि' मोटारी मी नुसत्या ब्रशनं दुरुस्त केल्यात.

वाइंडिंगचा खरा ताप तांब्यालाच विचारायचा. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स ठरलेल्या हिशेबानं वाढतो. मोटार रात्रभर बंद राहून गार असताना, लाइनपासून सोडवून, दोन टर्मिनलांत रेझिस्टन्स मोजायचा आणि हवेचा ताप लिहायचा. मग चालवून, स्थिरावल्यावर, बंद करून, कुलूप घालून, सोडवून, तेच दोन टर्मिनल पुन्हा. गरम रेझिस्टन्सला गार रेझिस्टन्सनं भागायचं. गार असतानाच्या तापात २३४.५ मिळवून त्यानं गुणायचं. आलेल्यातून २३४.५ वजा.

एका माग-मोटारीचं उदाहरण. गार असताना २८ अंशांना २०.० ओहम, गरम झाल्यावर २५.२. भागाकार १.२६. २८ अधिक २३४.५ म्हणजे २६२.५, गुणिले १.२६ म्हणजे ३३०.७५, त्यातून २३४.५ गेले की ९६. हवा ३० होती, म्हणजे वाढ ६६ अंश. बी क्लासच्या इन्सुलेशनला या पद्धतीनं ८० पर्यंत वाढ चालते, एफ ला १०५. मोटार बरी आहे. मालकाला हात लावून बघितल्यावर ती मरायला टेकलीय असं वाटत होतं. मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून वायरीचाच जो काही रेझिस्टन्स येतो तो वजा करायला विसरू नका. मोठ्या मोटारीत ओहमच्या खालचं मोजावं लागतं, तिथं साधा मीटर पुरत नाही.

हे का करायचं, तर इन्सुलेशन सतत दहा अंश जास्त तापात चाललं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं असा जुना ठोकताळा आहे. आमचं पोट त्यावरच चालतं म्हणा.

थर्मोकपलवाल्या मीटरबद्दल

मल्टिमीटरबरोबर पिवळा प्लग असलेली एक बारीक वायर येते, टोकाला मोहरीएवढा मणी. के-टाइप. मोटारीच्या बॉडीवर, हीटसिंकवर, बेअरिंगच्या घरावर ती उत्तम, चकचकीत असो नसो. बंद असताना टेपखाली घट्ट दाबून बसवायची, वायर फिरत्या भागांपासून लांब न्यायची, मग चालू करायचं. मणी अर्धवट टेकला असेल तर हवेचा ताप दाखवतो.

पण तो मणी उघडा धातू आहे. भाचा नवीन कामाला लागला तेव्हा चालू स्टार्टरच्या लगला मणी टेकवायला निघाला होता. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा माग थांबला. मणी फेजला टेकला की तोच फेज वायरीतून प्लगच्या पिनांवर आणि मीटरच्या आत येतो, आणि दुसऱ्या हातात मीटर. त्यानं म्हटलं, "मामी, ताप तर मोजूलोय, व्होल्टेज कुठं?" त्याचंही खरं होतं, मीटरच्या डायलवर थर्मामीटरचंच चित्र होतं. चालू उघड्या तारेला थर्मोकपल नाही. मोजायचाच असेल तर बंद करून गनने.

भाजलंच, तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. कोलगेट नाही, शाई नाही, बर्फ नाही. भाजणं करंटचं असेल तर वरून डाग लहान दिसला तरी दवाखाना, कारण करंट आतून जातो. शॉक लागलेल्या माणसाला ओढण्याआधी मेन.

मोटारींवर मी आता एक पट्टी चिकटवते, वर 'हात लावू नका', खाली 'मुट्टब्याडा'. लोक वाचतात आणि तरी हात लावतात. पण हल्ली फोनवर मधूनमधून आकडा येतो. परवा येळ्ळूरहून आला: "अक्का, टेपवर आर ५३, वाय ५१, बी ६९. हवा ३१. अँपियर तिन्हीवर अकरा." मी सांगितलं, मेन पाड, कुलूप घाल, बी चा लग काढ, काळा असेल तर कापून नवा दाब. संध्याकाळी परत फोन: ५२, ५१, ५२.